आमचे साडभाऊ आणि त्यांचे जंतू

माणसांच्या नात्यागोत्यात ज्याला काडीचा रस नाही आणि जंतूंच्या सात पिढ्या ज्याला तोंडपाठ आहेत, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. ते अकोल्याचे, मी अमरावतीचा. सासरी जावयांची तुलना व्हायचीच, त्याला इलाज नाही. पण ह्या माणसाशी बरोबरी कशात करायची हेच मला कधी कळलं नाही. माझा लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायचा प्रेस. ह्यांचं काम म्हणजे माणसाच्या लघवीतून, कोंबडीच्या विष्ठेतून, दवाखान्याच्या मोरीतून जंतू काढायचे, त्यांना खाऊपिऊ घालून वाढवायचं आणि मग त्यांची कुंडली मांडायची. मोठे जावई काय करतात असं कुणी विचारलं की आमचे सासरे खाकरायचे आणि म्हणायचे, "मोठ्या नोकरीत हायेत." पुढचं कुणी विचारू नये म्हणून लगेच पानाचा डबा पुढे करायचे. त्यांच्याकडे बघून आमच्या ताई पदरात तोंड घालून हसायच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची बहीण, साडभाऊंची बायको. त्या आता नाहीत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, आणि तेव्हापासून साडभाऊंची एकही गंमत मला धड हसत सांगता आलेली नाही. आज प्रयत्न करतो.

कुंडली हा शब्द त्यांचाच. शास्त्रात त्याला जीनोम म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं, तेही माझ्या प्रेसमध्ये, मशीन चालू असताना, ओरडून. "पाह्य," ते म्हणाले, "जंतू काय करते? सोताची नक्कल छापत राह्यते. एकाचे दोन, दोनाचे चार. छापता छापता कुठंतरी चूक होते. हजार चुका वाया जातात. पण एखादी चूक अशी होते का औषध त्याच्यावर चालतच नाही. मंग तू औषध दे, बाकीचे मरतात, हा गडी राह्यते. अन् तीच चूक छापत सुटते. तुह्या प्रेससारखंच हाय, फक्त तिथं गिऱ्हाईक भांडाले येत नाही." मशीनवरचा आमचा माणूस तोंड वाकडं करून दुसरीकडे बघायला लागला. पण खरं सांगतो, एवढ्या मोठ्या शास्त्राची गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली ती त्या दिवशीच. साडभाऊंना जगात एकच काळजी होती. लोक गोळ्या अर्ध्या खातात, जंतू त्यातून शिकतात, आणि एक दिवस असा येणार की साध्या तापावर द्यायला डॉक्टरच्या हातात काही उरणार नाही. "औषधं सरून राहिली, बाप्पा," हे ते इतक्या कळवळ्यानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातलं धान्यच संपत आलंय.

बोलण्याची त्यांची तऱ्हा तर विचारू नका. फोन केला की रामराम नाही, कसे आहात नाही. पहिला प्रश्न: "पोट कसं?" पोट बरं आहे म्हटलं की त्यांचा आवाज पडायचा. बिघडलंय म्हटलं की माणूस एकदम ताजातवाना. "कवापासून? ताप हाय? कुठं पानी पेलं होतं?" माझ्या धाकट्या मुलाचं नाव त्यांना वीस वर्षं नीट आठवलं नाही, पण हाच मुलगा लहानपणी टायफॉइडनं आजारी पडला होता तो जंतू कुठल्या घराण्यातला, त्याचे चुलतभाऊ मूर्तिजापुरात कुठे आणि दर्यापुरात कुठे सापडले, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगत. जंतूंची ओळख ते गावावरून ठेवायचे. "हा बाळापूरवाला जरा मवाळ हाय. पण तो बडनेऱ्याचा, तो लय बदमाश!" बसमध्ये शेजारी बसलेला बडनेऱ्याचा एक गृहस्थ हे ऐकून भांडायला उठला होता, त्याची समजूत काढेस्तोवर बोरगाव मंजूचा स्टॉप आला.

कोरोनाच्या काळात त्यांच्या प्रयोगशाळेत कुंडली वाचायचं नवं यंत्र आलं. मला वाटलं, खोलीभर काहीतरी असेल. दाखवलं तर हातात मावेल एवढं, लॅपटॉपला वायरनं जोडलेलं. मी म्हटलं, "एवढंसंच?" भाऊंना इतका राग आला की त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही. पुढे त्या यंत्रातून निघालेल्या जंतूंच्या वंशावळीचा त्यांनी मला फ्लेक्स छापायला दिला. मोठं झाड, फांद्यांवर जंतू, प्रत्येकाखाली गावाचं नाव. आमच्या ऑपरेटरनं ते मन लावून केलं. इतकं मन लावून, की हाताच्या सवयीनं खाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक : समस्त मित्र परिवार' असं टाकून मोकळा झाला. मी घाबरत घाबरत नेऊन दिला. भाऊंनी चष्मा वर करून वाचलं, खूप वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "राहू दे. खरंच हाय. हे आपल्या शुभेच्छेनंच वाढले." तो फ्लेक्स त्यांच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर तसाच लागला. बाहेरून शिकलेसवरलेले लोक आले की त्यासमोर उभे राहून गंभीरपणे माना डोलवायचे.

कौंडण्यपूरच्या यात्रेत मी त्यांना एकदा सोबत नेलं ही माझी हौस. सगळे वर्धा नदीत डुबकी मारतायत आणि आमचे भाऊ धोतराचा काचा मारून, हातात रबरी मोजे घालून, एका कोपऱ्यात वाकून इवल्या इवल्या बाटल्यांत पाणी भरतायत. प्रत्येक बाटली डोळ्यांसमोर धरायची, झाकण लावायचं, कपाळाला लागते की काय इतक्या जवळ नेऊन नाव टाकायचं. त्यांची ती तन्मयता बघून एक म्हातारी थबकली. तिनं आपला तांब्या काढला आणि त्यांच्या शेजारी वाकून भरायला लागली. तिचं बघून दुसरी आली, दुसरीचं बघून तिसरी. बघता बघता त्या कोपऱ्यात गर्दी जमली. भाऊंच्या लक्षात आलं तेव्हा ते दोन्ही हात वर करून ओरडले, "अवं माय, इथं नका भरू! इथंच सगळ्यात जास्त घाण हाय, म्हणून त मी भरून राहिलो!" म्हातारी शांतपणे म्हणाली, "मंग तुमी काहून नेता?" ह्यावर ह्या विद्वान माणसानं बाटल्या पिशवीत कोंबल्या आणि गाडीची वाट धरली. परतीच्या प्रवासात ते खिडकीबाहेर बघत होते, आणि ताई आणि माझी बायको मागच्या सीटवर इतक्या हसत होत्या की ड्रायव्हरनं आरसा फिरवून पाहिलं.

लग्नाकार्यात तर त्यांना बसवायची जागा ठरवणं हा एक स्वतंत्र कार्यक्रम असायचा. वधूपक्षाच्या पंगतीत बसवले तर तिथे ते जंतूंच्या आहेराचा विषय काढत. जंतू एकमेकांना आहेर करतात, हे त्यांचं आवडतं सांगणं. औषधाला दाद न देण्याची जी काही विद्या एका जंतूजवळ असते, ती तो शेजारच्याला उचलून देतो. मग तो शेजारी त्याच्या जातकुळीचा असो की नसो. "आपून सोयरीक करताना जात पाह्यतो, पोटजात पाह्यतो, शाखा पाह्यतो," हातात वरणभाताचा घास धरून भाऊ म्हणायचे, "अन् ते बारीकसे जीव, कोणालेबी आहेर देऊन मोकळे! म्हणून ते जितून राहिले अन् आपून हारून राहिलो." मुलीचे काका ठसका लागल्यासारखे उठून जायचे. ताई दुरून हातवारे करून सांगायच्या, पुरे, पुरे. पण भाऊंना हातवारे समजत नसत. त्यांना फक्त रिपोर्ट समजायचे.

आणि त्यांची धाड! सर्व नातेवाइकांत त्यांच्या घरभेटीला हाच शब्द होता. आपल्याकडे प्रत्येक घरात एक डबा असतो. बिस्किटांचा म्हणा, मिठाईचा म्हणा. त्यात कुणाच्या दातदुखीच्या, कुणाच्या खोकल्याच्या, कुणाच्या जुलाबाच्या उरलेल्या गोळ्या. बरं वाटलं की गोळी बंद करायची आणि उरलेली डब्यात टाकायची, पुढे कुणाला तरी कामी येते. शेजारणीला ताप आला तर आपण साखर द्यावी तितक्या सहज ती काढून देतो. प्रेमच असतं त्यात. साडभाऊंना ह्या डब्याचा वास यायचा. घरात शिरले की चपला काढायच्या आधी फ्रिजचं दार. मग कपाटाचा माथा. मग देवाच्या फोटोमागे हात. अर्धी पट्टी सापडली की ती दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर नाचवायचे आणि आवाज असा लावायचे की गल्लीतली माणसं गॅलरीत यावीत. "कोणाची? काहून सोडली मधातच? अर्धी गोळी खाल्ली म्हंजे जंतूले शाळेत घातलं, समजलं का! घरात बसून शिकवनी लावली तुमी त्याची!" माझ्या म्हाताऱ्या आईला एकदा त्यांनी इतकं झापलं की तिनं दोन दिवस बीपीची गोळीसुद्धा घेतली नाही. ती गोळी चालते, ती रोजची आहे, हे सांगायला मला त्यांनाच फोन करून बोलवावं लागलं.

ह्यावर आमचा उपाय होता. अकोल्याहून भाऊ निघाले की ताईंचा माझ्या बायकोला गुपचूप फोन यायचा. "निघाले बरं का. डबा हलव." आमचा डबा मग कंपाउंडच्या भिंतीवरून शेजारी जायचा, आणि शेजाऱ्यांकडे भाऊंची ओळख निघाली तेव्हापासून त्याच्याही पुढच्या घरी. भाऊ येऊन सगळं तपासायचे, काही सापडायचं नाही, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं की बघत राहावं. "सुधरले तुमी," ते म्हणायचे. "आता अमरावतीत एक तरी घर सुधरलं." मग पोटभर जेवायचे, दोन वेळा कढी मागून घ्यायचे. ताई आल्या असल्या तर माझ्या बायकोकडे बघून हळूच डोळा मिचकवायच्या. आम्ही सगळे ह्यात मजेनं सामील होतो. त्यात काही वाईट आहे असं एकदाही कुणाच्या मनात आलं नाही.

अकोल्यात चौकातल्या मेडिकलवाल्या चाचांशी त्यांचं रोजचं भांडण. चाचांचं दुकान त्यांच्या वडिलांपासूनचं, मराठी आमच्याइतकं चांगलं, पण भांडायचं असलं की ते हिंदीवर यायचे आणि भाऊही यायचे. "चाचा, दो गोली काट के क्यों दी उसको?" "साहब, मैं ना दूँ तो सामनेवाला देगा. मेरेसे लेगा तो कम से कम सही गोली लेगा." "सही गोली आधी खाने से गलत हो जाती!" हे भर बाजारात, गिऱ्हाइकांसमोर. शेवटी चाचा कंटाळून म्हणायचे, "ठीक है, अब नहीं दूँगा, आप चाय लो." चहा घेऊन भाऊ प्रयोगशाळेत जायचे. भाऊ नजरेआड होईस्तोवर चाचा खरंच कुणाला सुटी गोळी देत नसत, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी भोगलाय त्यांना सांगायला नको. मे महिन्यात त्या गावात कुणी सुखी असेल तर ते भाऊंचे जंतू. त्यांच्यासाठी उणे ऐंशीचा फ्रीजर, त्याला वेगळा जनरेटर, त्याच्यावर वेगळा पहारा. आणि भाऊंच्या स्वतःच्या घरात एक खडखडणारा कूलर, ज्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला त्यांना तीन उन्हाळे सवड झाली नाही. ताई जंतूंना सवती म्हणायच्या. "माह्या सवती तिकडं गारेगार, अन् मी इथं पदरानं वारा घालून राहिली." तक्रार नव्हे ती, कौतुक असायचं. नवऱ्याच्या कामातलं त्यांना फार कळत नव्हतं, पण हा माणूस काहीतरी मोठं वाचवायला बघतोय एवढं त्यांना पक्कं कळत होतं. चारचौघांत त्या अभिमानानं सांगायच्या, "आमच्या घरी उरलेली गोळी म्हणून सापडायची नाही." आणि भाऊ तर पैजेवर सांगायचे. अख्ख्या वऱ्हाडात एक घर दाखवा म्हटलं तर मी माझं दाखवतो, म्हणायचे.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ वळत नाही. संक्रांतीनंतरचे दिवस होते. ताईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांना लघवीला जळजळ होत होती, कसकस होती. साखरेचा त्रास आधीपासूनचा. पण घर पाहुण्यांनी भरायचं होतं, तिळगूळ करायचा होता. शेजारच्या बाईंकडे अशाच त्रासाच्या चार-सहा गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी प्रेमानं दिल्या, ताईंनी दोन-दोन करून घेतल्या. बरं वाटलं. हळदीकुंकू थाटात झालं. आणि मग दोन दिवसांनी थंडी वाजून जोराचा ताप भरला.

भाऊ घरी आले. त्यांनी नेहमीच्या आवाजात, त्या गल्लीभर जाणाऱ्या आवाजात विचारलं, "कोणाची गोळी-बिळी घेतली का?" ताई म्हणाल्या, "नाही जी." झालं. ह्या घरात हा प्रश्न विचारायचा तो रीत म्हणून. उत्तर त्यांना आधीच ठाऊक होतं. त्यांनी लघवीचा नमुना स्वतः नेला, स्वतःच्या हातानं जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीत घातला, जंतू उगवतो का बघायला ठेवला. दुसऱ्या दिवशी ताटली कोरी. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कोरी. घरचे डॉक्टर भिडस्त माणूस, ते म्हणाले, "भाऊ, साखर आहे त्यांना, आपण सुरू करून टाकू का?" भाऊ म्हणाले, "कशावर सुरू करता? माह्या ताटलीत जंतू नाही. व्हायरल असन. उगा औषध वाया घालवायचं नाही." ज्या माणसाकडून आयुष्यभर बोलणी खाल्ली त्याच्यापुढे डॉक्टर काय बोलणार? त्यांनी आपली बॅग उचलली. आणि आधी पोटात गेलेल्या गोळ्यांनी ताटलीतला जंतू तेवढा दबतो, अंगातला मरतोच असं नाही, हे वऱ्हाडात भाऊंपेक्षा जास्त कुणाला ठाऊक होतं? हजार लोकांच्या बाबतीत त्यांनी ते ओळखलं असतं. पण स्वतःच्या घरात? शक्यच नाही. हा विचार त्यांच्या मनाच्या दारापर्यंतसुद्धा आला नाही.

ताईंना उठवेना तेव्हा दवाखान्यात नेलं. आम्ही अमरावतीहून निघालो, पोचलो तेव्हा त्या अर्धवट शुद्धीत होत्या. माझ्या बायकोनं हात हातात घेतला तर म्हणाल्या, "शेजारच्या बाईच्या गोळ्या घेतल्या होत्या गं म्या. त्यायले सांगू नको. रागावतीन." माझी बायको तशीच उठून बाहेर पळाली. डॉक्टरांना सांगितलं आणि तिथेच उभ्या असलेल्या भाऊंनाही सांगितलं. भाऊ हळूहळू खाली बसले. बाकडं रिकामं होतं, पण ते फरशीवर बसले.

पुढे मोठमोठी औषधं झाली. पण विष रक्तात पसरलं होतं आणि मधले दिवस हातातून गेले होते. ताईंना व्हेंटिलेटरवर घेतलं. त्यांना ऐकू येतं की नाही हे कुणी खात्रीनं सांगत नव्हतं. भाऊ कानाशी वाकून बोलत राहायचे. काय बोलले ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. ताई गेल्या. तिकडे दवाखान्यात घेतलेल्या रक्तातून शेवटी जंतू उगवला होता, आणि तेरवीनंतर भाऊंनी त्याची कुंडली मांडली. इतरांनी नको म्हटलं, पण ऐकले नाहीत. शेजारच्या बाईंच्या गोळ्यांनी तो नुसता दबणारा होता, मरणारा नव्हता. पण एका जुन्या, साध्या इंजेक्शनला तो नक्की वाकला असता. पहिल्या दिवशी दिलं असतं तर. हे सांगायला ते अमरावतीला आले, प्रेसमध्ये माझ्यासमोर बसले. मी मशीन बंद करायला सांगितलं.

"मी लोकायले भेव घातलं," ते म्हणाले. "मले वाटलं, भेव घातलं का लोक गोळी सोडतात. गोळी नाही सोडत रे कोणी. सांगणं सोडतात." मी म्हटलं, भाऊ, सोडा आता, तुमचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, "हेतू ताटलीत दिसत नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याच होतं.

त्याच दिवसांत अकोल्याला भाऊंच्या घरी मेडिकलवाले चाचा भेटायला आले होते. खुर्चीवर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहब, कसम से कहता हूँ, मेरी दुकान से नहीं गई वो गोली." त्यांना रात्रंदिवस तेच खात असावं. भाऊंनी त्यांचा हात धरला. "मालूम है, चाचा. आपको भी तो मैंने डरा के ही रखा था." शेजारच्या बाई तर भाऊंसमोर यायलाच तयार नव्हत्या. भाऊ स्वतः त्यांच्या दारात गेले आणि चहा मागून प्याले.

त्यानंतर धाडी बंद झाल्या. परवाच ते आमच्याकडे येऊन गेले. चपला काढल्या, खुर्चीवर बसले, पाणी प्याले. फ्रिजकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या धाकट्याला त्याच्या बरोबर नावानं हाक मारली, नोकरी कशी चाललीय विचारलं. जेवताना कढी एकदाच घेतली. माझी बायको आत गेली आणि ओट्याला धरून रडली. एवढा शहाणासुरता, समजूतदार पाहुणा आम्हाला नको होता हो. आमचा आरडाओरडा करणारा, देवाच्या फोटोमागे हात घालणारा माणूस कुठे गेला? आम्ही त्याच्यापासून लपवण्यात किती हुशारी मानली, आणि त्याने त्यावर किती विश्वास ठेवला! ह्याचं वाईट वाटतं ते वाटतच राहतं. ताईंनी फोन करून आम्हाला सावध करायचं, ही आमच्या घरातली सगळ्यांत मोठी गंमत होती. आता ती कुणाला सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात कामानिमित्त अकोल्याला गेलो तेव्हा सकाळीच त्यांच्या प्रयोगशाळेत डोकावलो. त्यांच्या एसी खोलीत ते नव्हते. चौकशी केली तर कळलं, साहेब सकाळी खिडकीवर बसतात, जिथे लोकांकडून नमुने घेतात तिथे. हे काम तिथल्या नवशिक्या मुलींचं. मी मागून जाऊन उभा राहिलो. खेड्यावरून आलेली एक बाई होती, कडेवर नातू, पोर तापानं मलूल होऊन खांद्यावर डोकं टाकून पडलेलं. हातात नमुन्याची बाटली. भाऊंनी विचारलं, "माय, आदी काई गोळी-औषध देल्लं का लेकराले?" बाईनं पदर सारखा केला. "नाही जी."

भाऊंनी बाटली घेतली नाही. खिडकीतून थोडे पुढे वाकले. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "घरात उरलेली असन, शेजारच्यानं देल्ली असन, कोणतीबी असन. देल्ली असन त सांग. मी रागवत नाही."

बाईनं नातवाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करत होती. भाऊ थांबून राहिले. मग ती हळूच म्हणाली, "दोन देल्ल्या जी. सुनेच्या उरल्या होत्या, त्यातल्या."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं केलं सांगतलं, माय," ते म्हणाले. "लय बरं केलं." आणि खुर्चीवरून उठून, दार उघडून, ते स्वतः बाहेर आले आणि त्या पोराला तिच्या कडेवरून आपल्या हातात घेतलं.